बँकेचे व्याज घटले, मग लाभांशावर घर चालेल का?

आपल्या समाजातल्या अनेक घरांत सध्या एकच विषय निघतो. वडील महापालिकेतून, रेल्वेतून, एसटीतून किंवा शाळेतून निवृत्त झाले. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचे पैसे एकरकमी हातात आले. घराण्यात इतकी रक्कम पहिल्यांदाच कुणी एकत्र पाहिली. ती बँकेत मुदत ठेवीत टाकली आणि व्याजावर महिन्याचा खर्च चालू लागला. आता ठेव नूतनीकरणाला गेली, तर व्याज कमी मिळते आहे.

रिझर्व्ह बँकेने २०२५ या एका वर्षात रेपो दर ६.५० टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांवर आणला. कर्ज घेणाऱ्याला ही बातमी गोड लागते, ठेवीवर जगणाऱ्याला कडू. समजा २० लाखांची ठेव आहे. ७ टक्क्यांनी वर्षाला १ लाख ४० हजार मिळत होते, ६ टक्क्यांनी १ लाख २० हजार मिळतील. महिन्याला साधारण १,६७० रुपये कमी. औषधांचा खर्च तेवढाच असतो.

अशा वेळी घरातला तरुण मोबाइलवर बघतो आणि म्हणतो, "बाबा, एफडी मोडा. लाभांश देणारे शेअर घेऊ, ८-१० टक्के मिळतात." हा सल्ला किती खरा आणि किती धोक्याचा, ते आज समजून घेऊ.

व्याज आणि लाभांश यांत फरक काय?

ठेवीवरचे व्याज हा करार आहे. बँकेला नफा होवो न होवो, ठरलेले व्याज द्यावेच लागते. शिवाय प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराचे मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा ही मर्यादा फक्त १ लाख होती. ती फेब्रुवारी २०२० मध्ये वाढवली गेली.

लाभांश, म्हणजे डिव्हिडंड, हा मालकाचा नफ्यातला वाटा. शेअर घेतला की तुम्ही कंपनीचे छोटेसे मालक झालात. नफा झाला आणि संचालक मंडळाला योग्य वाटले, तर वाटा मिळतो. नाही दिला तर साध्या भागधारकाला दाद मागता येत नाही. मुद्दल परत देण्याचे वचनही कुणी दिलेले नसते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. दर कमी होतात ते बहुधा अर्थव्यवस्था मंदावते तेव्हा, आणि नेमके तेव्हाच कंपन्यांचे नफेही आटतात. २०२० च्या कोविडकाळात रेपो दर ४ टक्क्यांवर आला होता. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१९-२० या वर्षाचा लाभांश देण्यास मनाई केली. बँकांच्या लाभांशावर विसंबलेल्यांना ठेवीवर व्याज कमी आणि शेअरवर लाभांश शून्य, असा दुहेरी फटका बसला.

मोठा टक्का दिसला की थांबा

शेअरचा भाव १०० रुपये आणि वर्षाचा लाभांश ५ रुपये असेल, तर उतारा ५ टक्के. आता कंपनीची अवस्था बिघडली आणि भाव ५० रुपयांवर आला. मोबाइलवर मागच्या वर्षीचाच लाभांश धरून उतारा १० टक्के दिसतो. कंपनी जास्त देत नाही, तिचा भाव पडला आहे. पुढच्या वर्षी ती लाभांशही कापण्याची शक्यता असते. म्हणून यादीतला सर्वात मोठा टक्का हा पुष्कळदा सर्वात मोठा इशारा असतो.

खरे उदाहरण घेऊ. वेदांता कंपनीने २०२२-२३ मध्ये प्रत्येक शेअरमागे एकूण १०१.५० रुपये लाभांश दिला. पाहणाऱ्याचे डोळे दिपले. पण त्याच वर्षभरात शेअरचा भाव साधारण एक तृतीयांश घसरला, आणि पुढच्या वर्षी लाभांश २९.५० रुपयांवर आला. १०१ रुपये दरवर्षी येतील असे धरून ज्याने घरखर्च मांडला असेल, त्याचे गणित पहिल्याच वर्षी कोलमडले.

सरकारी कंपनी म्हणजे खात्रीची, असेही अनेकजण मानतात. त्यात थोडे तथ्य आहे. केंद्र सरकारच्या नियमानुसार सार्वजनिक उपक्रमांनी साधारणपणे निव्वळ नफ्याच्या ३० टक्के किंवा नक्त मूल्याच्या ४ टक्के, यांतील जी रक्कम जास्त तितका किमान लाभांश द्यायचा असतो. सरकारलाही त्या पैशांची गरज असते. पण कोल इंडियाचा इतिहास पाहा. २०१३-१४ मध्ये शेअरमागे २९ रुपये, २०१९-२० मध्ये १२ रुपये, २०२३-२४ मध्ये २५.५० रुपये. लाभांश दरवर्षी आला, पण मध्ये निम्म्याहून खाली गेला. २०१० मध्ये २४५ रुपयांना विकलेला हा शेअर ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच्या निम्म्याहून कमी भावात मिळत होता. त्या महिन्यात मुलीच्या लग्नासाठी पैसे लागले असते तर?

काही नेहमीचे गैरसमज

पहिला: "लाभांशाच्या आदल्या दिवशी शेअर घ्या, फुकटचे पैसे मिळतात." फुकट काही नसते. २०० रुपयांच्या शेअरवर १० रुपये लाभांश असेल, तर हक्काची तारीख येताच, इतर काही बदलले नाही तर, भाव साधारण १९० होतो. तुमचेच १० रुपये एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले, आणि वर त्यावर कर.

दुसरा: "लाभांश करमुक्त असतो." १ एप्रिल २०२० पासून तो तुमच्या उत्पन्नात धरला जातो आणि तुमच्या टप्प्यानुसार कर लागतो. एका कंपनीकडून वर्षात १० हजार रुपयांपेक्षा जास्त लाभांश मिळाला, तर ती आधीच १० टक्के कर कापून घेते. पॅन जोडलेला नसेल तर २० टक्के. तुमचे उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून हे पैसे परत मिळवता येतात. अनेकजण ते भरतच नाहीत आणि हक्काचे पैसे सोडून देतात.

तिसरा: "म्युच्युअल फंडाचा मासिक लाभांश म्हणजे पगारच." फंड जे देतो ते तुमच्याच गुंतवणुकीतून काढून देतो आणि तेवढीच युनिटची किंमत उतरते. लोकांची फसगत होऊ नये म्हणून सेबीने एप्रिल २०२१ पासून या पर्यायाचे 'डिव्हिडंड' हे नावच बदलायला लावले.

चौथा: "लाभांश महिन्याला येतो." आपल्याकडे बहुतेक कंपन्यांचा अंतिम लाभांश वार्षिक सभेनंतर, म्हणजे पावसाळ्याच्या सुमारास येतो. काही कंपन्या अधूनमधून अंतरिम लाभांश देतात. घरभाडे आणि किराणा मात्र दर महिन्याला असतो.

मग भरवशाचा लाभांश ओळखायचा कसा?

भरवशाचा लाभांश चांगल्या धंद्यातून येतो. म्हणून टक्का शेवटी पाहा. आधी हे प्रश्न विचारा.

१. गेल्या दहा वर्षांत लाभांश दरवर्षी दिला का? २०२० सारख्या वाईट वर्षात काय केले? एखाद्या वर्षी जमीन किंवा उपकंपनी विकून दिलेला विशेष लाभांश हिशेबातून वगळा.

२. नफ्यातला किती भाग वाटला जातो? १०० रुपये नफ्यातले ४०-६० वाटले, तर वाईट वर्षासाठी उशी राहते. १०० पैकी ११० वाटणारी कंपनी साठा किंवा कर्ज खाते आहे.

३. नफा कागदावर आहे की रोख येतो आहे? वार्षिक अहवालात रोख प्रवाहाचे पान असते. धंद्यातून आलेली रोख लाभांशापेक्षा सातत्याने जास्त हवी.

४. कर्ज किती आहे? कंपनी अडचणीत आली की आधी सावकाराचा हप्ता, मग उरले तर भागधारक.

५. लोकांना ही वस्तू किंवा सेवा दहा वर्षांनीही लागेल का? वीज वाहून नेणे, औषधे, साबण, यांची मागणी मंदीतही पूर्ण थांबत नाही. धातूंचे भाव मात्र जगाच्या बाजारावर वरखाली होतात.

ही सगळी माहिती मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळते. एकाच कंपनीत सगळे पैसे न घालता वेगवेगळ्या धंद्यांतल्या १२-१५ कंपन्यांत विभागा. तेवढा अभ्यास शक्य नसेल तर कमी खर्चाचा निर्देशांक फंड बरा.

खरे गणित

इतके करूनही एक कडू सत्य उरते. निफ्टीतल्या ५० मोठ्या कंपन्यांचा एकत्रित लाभांश उतारा अलीकडच्या वर्षांत साधारण सव्वा टक्क्याच्या आसपास राहिला आहे. म्हणजे २० लाखांवर वर्षाला सुमारे २५ हजार रुपये. जास्त लाभांश देणाऱ्या कंपन्या निवडून ३-४ टक्के मिळतील, पण घटलेल्या ठेवीचे व्याज त्याहूनही जास्त आहे. त्यामुळे व्याज कमी झाले म्हणून वडिलांची सगळी एफडी मोडून शेअर घेणे, हे उत्पन्न वाढवणे नव्हे. ते उत्पन्न कमी करून जोखीम वाढवणे आहे.

लाभांशाची ताकद वेळेत आहे. चांगल्या कंपनीचा लाभांश नफ्याबरोबर वाढू शकतो, ठेवीचे व्याज वाढत नाही. समजा लाभांश वर्षाला १० टक्क्यांनी वाढत गेला, तर सात-साडेसात वर्षांत तो दुप्पट होतो. पंचविशीतल्या तरुणाकडे अशी तीन-चार दुपटींची वाट पाहायला वेळ आहे. पासष्टीतल्या वडिलांकडे नाही. म्हणून लाभांशाचा मार्ग मुख्यतः तुमचा आहे, बाबांसाठी तो पूरक आहे.

बाबांच्या पैशासाठी क्रम असा असावा. सहा महिन्यांचा खर्च हाताशी. महागडे कर्ज आधी फेडा. आरोग्य विमा. मग पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना. तिचा दर २०२३ मध्ये ८.२ टक्के ठरला आणि २०२५ संपेपर्यंत तोच होता, मर्यादा ३० लाख. पोस्टाची मासिक उत्पन्न योजनाही आहे. हे दर सरकार दर तिमाहीला ठरवते, म्हणून आधी पोस्टात विचारा. बाकीच्या ठेवी दोन-तीन बँकांत, वेगवेगळ्या मुदतींत विभागा, म्हणजे सगळे पैसे एकाच वेळी कमी दरात अडकणार नाहीत. एवढे झाल्यावर, पुढची सात-आठ वर्षे हात लावावा लागणार नाही असे काही उरले, तर त्यातला छोटा भाग लाभांशाच्या शेअरमध्ये.

धम्म काय सांगतो?

पैशाचा विचार धम्माच्या बाहेरचा आहे, असे समजू नका. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले: एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी आणि चौथा आपत्काळासाठी राखून ठेवायचा. दीघजाणूला केलेल्या उपदेशात कष्टाने मिळवण्यासोबत मिळवलेले राखणे, कल्याणमित्रांची संगत आणि मिळकतीच्या मानाने जगणे हेही सांगितले आहे. शस्त्रे, प्राणी, मांस, मादक पदार्थ आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असेही बुद्धवचन आहे. आपण भागधारक म्हणजे मालक असू, तर हा प्रश्न आपल्यालाही लागू होतो. लाभांशासाठी नावाजलेल्या आयटीसीच्या नफ्याचा मोठा भाग सिगारेटमधून येतो. प्रत्येकाने आपला निर्णय घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून.

बाबासाहेबांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला आणि रुपयाची खरेदीशक्ती स्थिर राहिली पाहिजे, यावर भर दिला. त्यांचा वारसा सांगणाऱ्या आपण निदान आपल्या घरातल्या रुपयाचा अभ्यास करायला हवा. अभ्यास नसला की दामदुप्पटवाले येतात. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत टोरेसच्या दुकानांसमोर दर आठवड्याच्या परताव्याला भुललेल्यांची गर्दी सगळ्यांनी पाहिली. दुसऱ्या टोकाला झटपट सट्टा आहे. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या पाहणीनुसार तीन वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या दर १०० वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ जण तोट्यात गेले. सल्ला घ्यायचा तर सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराचाच घ्या, आणि त्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा.

कार्यकर्त्यांना एक विनंती. रविवारी विहारात वंदना झाली की महिन्यातून एकदा तासभर बसा. एका कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा आणि वरचे पाच प्रश्न एकेक करून विचारा. कुणाच्या वडिलांचे विवरणपत्र भरायचे राहिले असेल तर भरून द्या. कुणाला पोस्टाच्या योजनेचा अर्ज भरता येत नसेल, तर त्याच्यासोबत पोस्टात जा. पहिल्या पिढीने कष्टाने साठवलेले पैसे राखणे, हेही चळवळीचेच काम आहे.

नमो बुद्धाय, जय भीम!