गाईचें कोटीपोट आणि सुगंधी तेलें



गाय कडबा खाते आणि दूध देते, हें आपण नित्य पाहतों. परंतु कडब्यांतील सेल्युलोज पचविणारा रस गाईच्या शरीरांत तयारच होत नाहीं. मग तें पचवितें कोण? गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतील पहिला व सर्वांत मोठा तो कोटीपोट. ह्या उबदार रांजणांत असंख्य सूक्ष्म जंतु चारा आंबवीत असतात. त्यांपैकीं कांहीं ग्रुबी व देलाफाँ ह्या शास्त्रज्ञांनीं १८४३ सालीं प्रथम उजेडांत आणले.

चारा आंबला म्हणजे ॲसेटिक, प्रोपिऑनिक व ब्यूटिरिक हीं आम्लें उत्पन्न होतात. त्यांवरच गाईचें पोषण चालतें. परंतु ह्या व्यवहारांत गळतीही आहे. चाऱ्यांतील एकंदर शक्तीचा शेंकडा २ ते १२ इतका अंश मिथेन वायूच्या रूपानें ढेकरांवाटें निघून जातो. प्रथिनांचाही कांहीं भाग अमोनिया होऊन मूत्रावाटें वायां जातो.

ही गळती रोखण्यासाठीं मोनेन्सिन हें प्रतिजैविक खाद्यांत मिसळीत. वाढीसाठीं अशीं औषधें चारण्यास युरोपीय संघानें १ जानेवारी २००६ पासून बंदी केली, तेव्हां संशोधकांचें लक्ष आपल्या मसाल्याच्या डब्याकडे अधिकच वळलें. ओव्यांतील थायमॉल, लवंगेंतील युजेनॉल, दालचिनींतील सिनॅमाल्डिहाइड आणि लसणींतील गंधकयुक्त द्रव्यें जंतूंना आवरतात. थायमॉल तर जंतूच्या आवरणांत शिरून तें सच्छिद्र करतें. मग ती गळती भरून काढण्यांतच त्या जंतूची शक्ति खर्ची पडते. प्रयोगशाळेंतील पात्रांत कांहीं तेलांनीं अमोनिया कमी झाला, तर लसणीच्या तेलानें मिथेन घटला.

येथें मात्र सावध राहिलें पाहिजे. तेलाला शत्रु-मित्र कळत नाहीं. मात्रा वाढली कीं तंतु पचविणारे उपकारक जंतुही दबतात, आम्लें घटतात आणि गाय उपाशी नसूनही उपाशी राहते. शिवाय पात्रांतला प्रयोग बहुधा एकदोन दिवसांचा. गाईच्या पोटांतील जंतूंना मात्र कांहीं आठवड्यांत त्या तेलाची संवय होऊं शकते. म्हणून पात्रांत दिसलेला गुण गोठ्यांत पुष्कळदां दिसत नाहीं.

पोट फुगलेल्या जनावरास मूठभर ओवा देणें निराळें आणि खाद्यांत रोज तेल घालणें निराळें. एक किलो ओव्यांतून सुमारें २० ते ४० ग्रॅम तेल निघतें. अर्थात् ५ ग्रॅम तेल म्हणजे निदान सव्वाशें ग्रॅम ओवा झाला. ‘वनस्पतिजन्य, म्हणून निरुपद्रवी’ अशी जाहिरात वाचतांना हें गणित अवश्य मांडावें. औषध गाईच्या मुखीं पडलें, तरी तें आधीं पोंचतें तिच्या पोटांतील जंतूंना; आणि त्यांचें आरोग्य बिघडलें तर आपल्या घरच्या दुधाचाही आधार डळमळतो.