आणखी एक पोर्ट्रेट लेन्स: गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्रकाशशास्त्राच्या दृष्टीने पोर्ट्रेट लेन्स हा भिंगाचा स्वतंत्र प्रकार नाही. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर साधारण ८५ ते १३५ मिमी फोकल लेंग्थची, मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स व्यक्तिचित्रासाठी सोयीची पडते, म्हणून तिला हे नाव चिकटले. या कामासाठी हिशेब मांडून घडवलेले पहिले नामांकित भिंग योझेफ पेत्सव्हाल यांचे. त्यांनी ते १८४० मध्ये व्हिएन्नात आखले आणि फोग्टलेंडर यांनी बनवले. त्याचे अ‍ॅपर्चर सुमारे एफ/३.६ होते आणि आधीच्या भिंगांपेक्षा ते कितीतरी पट जास्त प्रकाश आत घेई. तेव्हा मागची भिंत धूसर करण्याची कोणाला फिकीर नव्हती. समोर बसलेला माणूस हलण्याआधी प्लेटवर त्याचा चेहरा उमटावा, एवढीच अडचण होती. आज पोर्ट्रेट लेन्स मुख्यतः पार्श्वभूमी विरघळवण्यासाठी विकत घेतली जाते, आणि खरेदीच्या वेळचे बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

त्यातला सर्वांत जुना समज असा, की ८५ मिमी लेन्स चेहरा ‘सपाट’ आणि देखणा करते, तर ३५ मिमी लेन्स नाक मोठे करते. प्रत्यक्षात चेहऱ्याची ठेवण कशी दिसेल हे कॅमेरा चेहऱ्यापासून किती लांब आहे यावर ठरते. फोकल लेंग्थचा त्याच्याशी थेट संबंध नाही. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतची खोली सुमारे १२ सेंमी धरली आणि कॅमेरा नाकापासून ४५ सेंमीवर ठेवला, तर कान ५७ सेंमीवर राहतो आणि कानाच्या मानाने नाक २७ टक्के मोठे उमटते. दीड मीटरवरून हाच फरक ८ टक्क्यांवर येतो, अडीच मीटरवरून ५ टक्क्यांच्या आत. ३५ मिमी लेन्सने दीड मीटरवरून फोटो काढून मधला भाग कापून घेतला, तर त्यातली चेहऱ्याची ठेवण त्याच जागेवरून ८५ मिमीने काढलेल्या फोटोसारखीच असते. तपशील कमी भरतो, एवढाच तोटा. लांब लेन्सचे काम छायाचित्रकाराला मागे उभे करण्याचे आहे. दोन पावले मागे सरकून ज्याचे भागते, त्याला चेहरा सुधारण्यासाठी नवी लेन्स लागत नाही.

याच समजाची दुसरी बाजू क्रॉप सेन्सरच्या बाबतीत दिसते. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्सची चौकट ७५ मिमीइतकी दिसते (कॅननवर ८० मिमी), पण ती ‘मुळात पन्नासच’ असल्याने चेहरा बिघडवते, असे सांगितले जाते. चौकट अरुंद झाली की माणूस आपोआप मागे जाऊन उभा राहतो, आणि चेहऱ्याचे प्रमाण त्या अंतरावरून ठरते. त्यामुळे एपीएस-सी बॉडीवरची साधी ५० मिमी एफ/१.८ ही पूर्ण अर्थाने पोर्ट्रेट लेन्स आहे. ‘खरी’ पोर्ट्रेट लेन्स म्हणून त्याच बॉडीसाठी ८५ मिमी घेणाऱ्याच्या हाती १२७ मिमीची चौकट येते, आणि ती घरात वापरणे अवघड जाते.

किती अवघड, हे आकड्यांतून कळते. उभ्या माणसाचे डोक्यापासून पायांपर्यंतचे चित्र थोडी मोकळी जागा ठेवून घ्यायचे, म्हणजे चौकटीत दोन मीटर उंची मावली पाहिजे. फुल फ्रेमवर ८५ मिमीला त्यासाठी सुमारे ४.८ मीटर अंतर लागते, १३५ मिमीला साडेसात मीटरच्या वर. एपीएस-सीवर ५० मिमीला ४.३ मीटर पुरतात, पण ८५ मिमीला ७.३ मीटर हवेत. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधला दहा बाय पंधरा फुटांचा हॉल लांबीला साडेचार मीटर भरतो, आणि सोफा व टीव्हीचे युनिट त्यातलीच जागा खातात. खांद्यापर्यंतच्या चित्राला एवढी ओढाताण नसते. ६० सेंमी उंचीच्या चौकटीसाठी फुल फ्रेमवर ८५ मिमीला दीड मीटर पुरते. बारसे, डोहाळजेवण, साखरपुडा असे घरगुती समारंभ टिपणाऱ्याला १३५ मिमी लेन्स कितीही सुंदर असली तरी दाराबाहेर उभी करते. हा विचार लेन्सच्या परीक्षणांत क्वचित येतो, कारण परीक्षणातले नमुना फोटो सहसा बागेत काढलेले असतात.

पार्श्वभूमी किती धूसर होईल, हा सगळ्यात जास्त पैसे खर्च करवणारा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर एफ-क्रमांकात शोधणे अपुरे ठरते. चौकट तीच ठेवली, तर खूप दूरच्या पार्श्वभूमीची धूसरता अ‍ॅपर्चरच्या प्रत्यक्ष व्यासावर अवलंबून असते. हा व्यास म्हणजे फोकल लेंग्थला एफ-क्रमांकाने भागून येणारा आकडा. ८५ मिमी एफ/१.४ चा व्यास ६१ मिमी. दूरवरचा दिवा तिच्यातून जी चकती होऊन दिसतो, ती चेहऱ्याच्या मापाने ६ सेंमीची, म्हणजे जवळपास दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधल्या अंतराएवढी असते. सेन्सर लहान असो वा मोठा, हे गणित बदलत नाही. एकाच बॉडीवरच्या दोन लेन्सेसप्रमाणे वेगवेगळ्या बॉडींवरच्या लेन्सेसची तुलनाही त्याने करता येते.

याच मापाने पाहिले, तर पहिली आणि दुसरी पोर्ट्रेट लेन्स यांतला फरक उघड होतो. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८-५५ मिमी किट लेन्सचा ५५ मिमीवर, एफ/५.६ ला, व्यास जेमतेम १० मिमी. ५० मिमी एफ/१.८ चा २८ मिमी. ही जवळपास तिप्पट झेप आहे आणि ती कोणाच्याही डोळ्यांना दिसते. त्यापुढे एपीएस-सीसाठीची ५६ मिमी एफ/१.४ घेतली तर व्यास ४० मिमी, म्हणजे दीडपटही नाही. फुल फ्रेमवर ८५ मिमी एफ/१.८ वरून (४७ मिमी) एफ/१.४ वर गेल्यास वाढ १.३ पट. एफ/१.२ पर्यंत मजल मारली तरी दीडपटच, आणि त्यासाठी किंमत कित्येक पट मोजावी लागते. वजनही वाढते. निकॉनची झेड माउंटची ८५ मिमी एफ/१.८ लेन्स ४७० ग्रॅम भरते, एफ/१.२ ची ११६० ग्रॅम.

ही दीडपट वाढ जागा बदलून फुकटात मिळते, उलट जास्तच मिळते. दीड मीटरवर उभ्या असलेल्या व्यक्तीच्या मागे अर्ध्या मीटरवर भिंत असेल, तर तिची धूसरता दूरच्या पार्श्वभूमीच्या एक-चतुर्थांश असते. तीच व्यक्ती भिंतीपासून तीन मीटर पुढे आणली की धूसरता दोन-तृतीयांशांवर जाते. म्हणजे लेन्स न बदलता सुमारे पावणेतीनपट. भिंतीला टेकून उभ्या केलेल्या पाहुण्यांचे फोटो महागड्या लेन्सनेही सपाटच येतात, ते यामुळे.

झूम लेन्स पोर्ट्रेटला दुय्यम, हा समज फिल्मच्या काळातला आहे. तेव्हाच्या झूम खरोखरच सामान्य दर्जाच्या असत. आजची ७०-२०० मिमी एफ/२.८ लेन्स २०० मिमीवर ७१ मिमी व्यास देते, तोच ८५ मिमी एफ/१.२ चा व्यास. ती ज्याच्याकडे आहे, त्याच्या मैदानातल्या, घाटावरच्या, समुद्रकिनाऱ्यावरच्या फोटोंत ८५ मिमीने नवीन काही येत नाही. मात्र भिंत व्यक्तीच्या अगदी मागे असेल तर पारडे फिरते. खांद्यापर्यंतच्या चौकटीसाठी २०० मिमीवर साडेतीन मीटर मागे जावे लागते, आणि अर्ध्या मीटरवरची तीच भिंत आता ८५ मिमी एफ/१.२ च्या निम्मीच धूसर होते.

‘जितके मोठे अ‍ॅपर्चर, तितके चांगले पोर्ट्रेट’ हे विधान तर व्यवहारात रोज खोटे ठरते. फुल फ्रेमवर ८५ मिमी लेन्सने दीड मीटरवरून एफ/१.४ ला फोटो काढला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा एकूण अडीच सेंटिमीटरचा असतो. चेहरा ४५ अंशांत वळवला की दोन डोळ्यांच्या अंतरांत साडेचार सेंमीचा फरक पडतो. मग एक डोळा धारदार आणि दुसरा पुसट अशी स्थिती येते. कधी ती मुद्दाम हवी असते, बहुतेक वेळा नसते. दोन्ही डोळे आणि कान स्पष्ट हवे असतील तर एफ/४ च्या आसपास यावे लागते. जोडप्याच्या फोटोला एफ/५.६ लागते, आणि स्टुडिओत फ्लॅशवर काम करणारे सर्रास एफ/८ वापरतात. तिथे एफ/१.८ आणि एफ/१.२ मधला फरक पाहणाऱ्याला ओळखता येणार नाही. स्टीव्ह मॅककरी यांनी १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत टिपलेले, जून १९८५ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या मुखपृष्ठावर आलेले अफगाण मुलीचे चित्र निकॉनच्या १०५ मिमी एफ/२.५ लेन्सचे आहे. तिचा व्यास ४२ मिमी, म्हणजे आजच्या मध्यम किमतीच्या ८५ मिमी एफ/१.८ हूनही कमी.

अंधारासाठी मोठे अ‍ॅपर्चर हवे, हा युक्तिवाद अधिक प्रामाणिक आहे, पण त्यालाही मर्यादा आहे. एफ/१.८ वरून एफ/१.४ वर गेल्यास प्रकाश सुमारे १.६ पट मिळतो. म्हणजे जिथे आयएसओ ३२०० लागत होता तिथे २००० पुरतो. अलीकडच्या सेन्सरवर हा फरक छापील फोटोत शोधूनही सापडणे कठीण. लेन्समधल्या स्टॅबिलायझेशनवर भिस्त ठेवणेही चुकीचे, कारण ते हाताची थरथर सावरते, हलणाऱ्या माणसाला थांबवत नाही. खिडकीशेजारी माणूस बसवल्याने प्रकाश जेवढा वाढतो, तेवढा कोणत्याही लेन्सने वाढत नाही.

धारदारपणाबद्दलचा समज त्याहून विचित्र आहे. व्यक्तिचित्राला सर्वांत तीक्ष्ण लेन्स हवी, असे गृहीत धरून तुलनेचे तक्ते पाहिले जातात, आणि मग त्या लेन्सने उमटवलेली त्वचेची रंध्रे सॉफ्टवेअरने पुसण्यात संध्याकाळ जाते. लायकाने १९३५ मध्ये थाम्बार ही ९० मिमी एफ/२.२ लेन्स मुद्दाम मऊ चित्र देण्यासाठी काढली आणि २०१७ मध्ये ती पुन्हा बाजारात आणली. धूसरतेचे प्रमाण आणि तिचा पोत, म्हणजे ज्याला बोके म्हणतात तो, याही वेगळ्या गोष्टी आहेत. सोनीची १०० मिमी एसटीएफ लेन्स एफ/२.८ ची असली तरी आतल्या, कडेकडे गडद होत जाणाऱ्या घटकामुळे एफ/५.६ इतकाच प्रकाश सोडते. धूसर चकत्यांच्या कडा मात्र ती विलक्षण मृदू करते. अशा लेन्सची गरज आहे की नाही, हे आकडे सांगत नाहीत. त्यासाठी फोटोच पाहावे लागतात.

पोर्ट्रेट म्हणजे धूसर पार्श्वभूमी, हे समीकरणही सवयीचे आहे. अर्नोल्ड न्यूमन यांनी १९४६ मध्ये टिपलेल्या संगीतकार इगोर स्त्राविन्स्की यांच्या चित्रात चौकटीचा बहुतांश भाग पियानोच्या उघड्या झाकणाने व्यापला आहे, आणि ते झाकण लख्ख दिसते. कुंभार चाकासह, शिक्षिका फळ्यासह, वारकरी दिंडीसह दाखवायचा असेल तर ३५ मिमी लेन्स अधिक कामाची. ज्याच्याकडे आधीच ८५ मिमी आहे, त्याला १०५ किंवा १३५ पेक्षा ३५ मिमीने वेगळे फोटो मिळतात.

आणखी एक लेन्स घ्यावी का, या निर्णयासाठीचा सर्वांत भरवशाचा पुरावा स्वतःच्याच फोटोंत साठलेला असतो. प्रत्येक फाइलमध्ये फोकल लेंग्थ, अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओची नोंद असते. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ती लेन्सनुसार चाळता येते. ५० मिमीने काढलेले निवडक फोटो बहुतांशी एफ/२.८ च्या पुढचे असतील, तर मोठ्या अ‍ॅपर्चरची गरज नाही. किट झूमचे फोटो सतत ५५ मिमीच्या टोकाला अडकलेले दिसले, तर लांब लेन्स हवी आहे. फोटो धूसर येत असूनही शटर मात्र १/२५० च्या वर असेल, तर दोष बहुधा फोकसचा. तिथे डोळ्यावर आपोआप फोकस धरणारी बॉडी नव्या लेन्सपेक्षा जास्त उपयोगी पडते.

सेकंडहँड बाजारात एक समज हटकून महागात पडतो: माउंट जुळला की लेन्स चालते. निकॉनची जुनी ८५ मिमी एफ/१.८ डी लेन्स बॉडीतल्या मोटरवर फोकस होते. डी३५००, डी५६०० अशा बॉडींत ती मोटर नाही, आणि झेड बॉडीवर एफटीझेड अ‍ॅडाप्टर लावूनही तिचा ऑटोफोकस चालत नाही. लेन्स बसते, फोटोही निघतो, पण एफ/१.८ ला दोन-तीन सेंमीचा पट्टा हाताने डोळ्यावर धरावा लागतो. कॅननच्या ईएफ लेन्सेस मात्र आरएफ बॉडीवर अ‍ॅडाप्टरने ऑटोफोकससह चालतात.

शिवाय कोकण, मुंबई आणि गोव्याच्या हवेत न वापरलेली लेन्स टिकून राहते, हे गृहीत धरता येत नाही. सापेक्ष आर्द्रता बराच काळ ६० टक्क्यांवर राहिली की भिंगावर बुरशी धरू शकते. तिची जाळी वेळीच साफ झाली नाही तर कोटिंग आणि काचही खरवडली जाते. जुनी लेन्स घेताना अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून, मागून टॉर्च मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का ते पाहावे. पात्यांवर तेल आले आहे का, हेही तपासावे. चामड्याच्या बंद केसमध्ये ओल धरून राहते. पावसाळ्यात लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या ड्राय कॅबिनेटमध्ये, नाहीतर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवावी लागते. दोन लेन्सेस असतील तर हा खर्च आणि ही निगा दोन्हींसाठी धरावी.