मूल शाळेत जातं, आईबाप शिकतात

आपण धरून चालतो की भाषा आईकडून मुलाकडे जाते. न्यूझीलंडच्या माओरींचं काय झालं बघा. एके काळी शाळेत माओरी बोललं की मार बसे. तो मार खाल्लेल्या अनेकांनी पुढे आपल्या मुलांशी इंग्रजीच धरली. मधली पिढी आपल्याच भाषेत मुकी झाली. १९८२ साली ‘कोहांगा रेओ’, म्हणजे ‘भाषेचं घरटं’, ही बालशाळा निघाली. तिथे आजी-आजोबांच्या वयाची माणसं पोरांशी माओरीतच बोलत. पोरं घरी येऊन तसंच बोलू लागली, तेव्हा कित्येक आईबापांना उत्तर देता येईना! मग लाज बाजूला ठेवून त्यांच्यातलेही काही शिकायला बसले. म्हणून आम्ही म्हणतो, मुलाची शाळा निवडताना आईबाप आपण स्वतः कोण, हेही ठरवत असतात.