रात्र मोजणारी शेवंती

केडगावच्या बाजूला थंडी येते ती आधी नाकाला कळते. चौफुल्यावरून आत वळलं की गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर, काहिलीतल्या उकळत्या रसाचा वास आणि भीमेच्या अंगानं आलेलं धुकं, हे तिन्ही एकमेकांत असं काही मिसळलेलं असतं की माणसानं घोंगडी अंगावर ओढून तिथंच बसावं. तर याच दिवसांत, मार्गशीर्ष लागता लागता, घरोघरच्या परसात शेवंती फुलते. पिवळी, पांढरी, कुठं तपकिरी-लाल, आणि बाया म्हणतात, थंडी पडली बघा, शेवंतीला फूल आलं. पिढ्यानपिढ्या म्हणत आल्यात. मीही लहानपणी म्हणायचो. पण गंमत अशी आहे की शेवंतीला थंडीचं फारसं काही पडलेलंच नाही. तिचा हिशेब वेगळाच आहे, आणि तो इतका चमत्कारिक आहे की सावकाश बसूनच ऐकला पाहिजे.

आधी परसात काय काय असतं ते बघू. आपल्या दौंड-शिरूरच्या काळ्या रानात ऊस म्हणजे मोठा मालक, पण घराच्या मागं, न्हाणीच्या पाण्यावर, बायकांचं राज्य असतं. तिथं झेंडू असतो, गुलछडीचे चार कंद असतात, हौशी घरात ग्लॅडिओलसचे दांडे उभे असतात, आणि अष्टरचा एखादा वाफा असतो. यातलं एकही मूळचं आपलं नाही हो! झेंडू आणि गुलछडी मेक्सिकोची, ग्लॅडिओलसचे पूर्वज आफ्रिकेतले, अष्टर आणि शेवंती चीनकडची. पण इतकी रुळली की झेंडूशिवाय दसऱ्याचं तोरण होत नाही आणि शेवंतीच्या वेणीशिवाय मार्गशीर्षातल्या गुरुवारचा घट सजत नाही. अष्टरच्या ‘फुले गणेश’ नावाच्या जाती तर पुण्यातल्या गणेशखिंडीत तयार झाल्या, म्हणजे चीनची लेक आता चांगली पुणेकरीण झाली. मार्गशीर्षात पुण्याच्या गुलटेकडी बाजारात शेवंतीचा भाव चढतो तेव्हा परसातल्या चार झुडपांकडं घरधनीसुद्धा जरा आदरानं बघायला लागतो. एरवी त्याला ती तिथं आहेत हे ठाऊकच नसतं.

आता मुद्द्याचं. थंडीच्या भरवशावर झाडानं फुलायचं ठरवलं तर त्याची फजितीच व्हायची, कारण आपल्याकडची थंडी फार लहरी. १९३५ च्या जानेवारीत पुण्यात पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता, आणि एखाद्या वर्षी ऐन डिसेंबरात आभाळ येतं, गोधडी पायानं ढकलून द्यावी लागते, वर अवकाळी पाऊस ज्वारी लोळवून जातो. तरी शेवंती चार-आठ दिवसांच्या फरकानं आपल्या वेळेला हजर! मग ती बघते काय? तर ती रात्र बघते. केडगावला जूनच्या अखेरीस दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. म्हणजे रात्र दोन तासांहून थोडी जास्तच वाढते. आपल्याला त्याचं काय, आपण म्हणतो लवकर अंधारून आलं आणि दिवा लावतो. शेवंतीचं पान मात्र रोजचा अंधार मोजत असतं, आणि तिच्या जातीला ठरलेल्या मापापेक्षा रात्र मोठी व्हायला लागली की ती पानं काढायचं थांबवून कळी धरते. थंडी लहरी असली तरी रात्र कधी खोटं बोलत नाही. शंभर वर्षांपूर्वी अमुक तारखेला जेवढी होती तेवढीच आजही असते.

पण एक मेख आहे. आमच्या आळीत एका आजींनी कुंपणाच्या कडेनं शेवंतीची लांब ओळ लावलेली असायची, आणि तिची वेणी देवीला घातल्याशिवाय त्या गुरुवारी पाणी घ्यायच्या नाहीत. एका वर्षी ओळीच्या एका टोकाला रस्त्यावरचा नवा दिवा आला. सगळ्यांना आनंद झाला, म्हाताऱ्या माणसांना रात्री विंचू-काटा दिसायला लागला. मार्गशीर्ष आला आणि ओळीचं अलीकडचं टोक फुलांनी लवलं, पलीकडं दिव्याखालचं टोक हिरवंगार, उंच, माजलेलं, आणि कळी म्हणाल तर एक नाही. आजी म्हणाल्या, नजर लागली. सुनेनं त्या टोकाला शेणखत जास्त घातलं, तर ते आणखी माजलं. आजी नजर लागली म्हणाल्या ते एका अर्थानं खरंच होतं म्हणा. दिव्याची नजर लागली होती. त्या टोकाला रात्र व्हायचीच नाही. झाड बिचारं अजून जूनच चाललाय असं समजून पानांवर पानं काढत बसलं होतं.

हे कोडं शास्त्रज्ञांनाही असंच पडलं होतं, फक्त शेवंतीच्या जागी तंबाखू होती. अमेरिकेत गार्नर आणि ॲलार्ड नावाचे दोघे सरकारी शेतीखात्यात होते. त्यांच्याकडं तंबाखूची एक जात आली, मेरीलँड मॅमथ, जी उन्हाळाभर वाढतच राहायची, दीड-दोन पुरुष उंच व्हायची, पण फूल नाही म्हणजे नाही; आणि फूल नाही तर बी कुठून? तीच हिवाळ्यात काचघरात कुंडीत ठेवली तर कमरेएवढी असतानाच फुलायची. त्यांनी खत बदललं, पाणी बदललं, ऊब बदलली. शेवटी १९१८ च्या उन्हाळ्यात त्यांनी एक लहानशी अंधारी खोपटी बांधली आणि दुपार कलली की कुंड्या आत, दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं की बाहेर, असा उद्योग मांडला. शेजारीपाजारी काय म्हणाले असतील कोण जाणे, पण भर उन्हाळ्यात, उकाड्यात, तंबाखू फुलली. १९२० साली त्यांनी हे जगाला सांगितलं. त्याच वर्षांत आपल्या केडगावात मुक्ती सदनात पंडिता रमाबाई कंदिलाच्या उजेडात हिब्रू आणि ग्रीक बायबलाचं मराठी करत बसलेल्या असायच्या. त्या कंदिलाचा उजेड खिडकीबाहेरच्या झाडापर्यंत पोचत असेल असं वाटत नाही, नाहीतर त्याचाही हिशेब बिघडला असता.

पुढं आणखी नवल निघालं. लोकांना आधी वाटलं, झाड दिवस मोजतं. मग कुणीतरी दिवसा मधेच थोडा वेळ अंधार करून पाहिला. झाडाला त्याचं काहीच नाही. पण लांब रात्रीच्या ऐन मध्यावर थोडा वेळ दिवा लावला, की सगळा मोड झाला, कळी नाही. दूध विरजून कोपऱ्यात ठेवावं आणि मध्यरात्री कुणीतरी गाडगं हलवावं, मग सकाळी दही कुठलं लागायचं, तसलाच हा प्रकार. पानात फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य असतं, १९५९ साली ते वेगळं काढून दाखवता आलं. तांबडा उजेड लागला की ते जागं होतं, अंधारात हळूहळू निजतं. मध्यरात्रीचा बल्ब त्याला पुन्हा उठवून बसवतो. चांदण्याचं म्हणाल तर पौर्णिमेचा उजेड त्याला पुरत नाही. लाखो वर्षं चंद्राखाली राहिलेलं झाड तेवढ्यानं फसायचं नाही. फुलांचे मोठे व्यापारी मात्र हे गुपित कळल्यापासून झाडांना फसवतच आलेत. नको तेव्हा रात्री दिवे लावायचे, हवं तेव्हा काळ्या कापडानं झाकायचं, आणि बाराही महिने शेवंती विकायची.

आता विचारा, मोजतं कोण? कळी तर शेंड्याला येते, मग शेंडाच मोजत असणार. हे शोधायला सोव्हिएत रशियातल्या मिखाईल चायलाख्यान या माणसानं नेमकी आपली शेवंतीच घेतली. त्यानं वरची पानं खुडली, खालची ठेवली. खालच्या पानांना मोठी रात्र दिली आणि बोडक्या शेंड्याला उजेडात ठेवलं. शेंडा फुलला! उलटं केलं, शेंड्याला रात्र आणि पानांना उजेड, तर काही नाही. म्हणजे मोजणी पान करतं आणि निरोप वर धाडतं. त्या न दिसणाऱ्या निरोपाला त्यानं १९३० च्या दशकात ‘फ्लोरिजेन’ असं नाव दिलं. तिकडं तेव्हा लिसेन्को नावाच्या, सरकारच्या लाडक्या शेतीतज्ज्ञाच्या गोटाचा जोर होता आणि त्यांना असल्या गोष्टी खपत नव्हत्या, त्यामुळं चायलाख्यानला पुष्कळ सोसावं लागलं. पण गडी दीर्घायुषी, १९९१ पर्यंत जगला. निरोप्या कोण ते मात्र २००७ मध्ये पक्कं झालं, एक छोटंसं प्रथिन, पानात तयार होऊन देठाच्या आतल्या वाटेनं शेंड्यापर्यंत चालत जाणारं. आणि २०१३ मध्ये जपानी संशोधकांना शेवंतीच्या एका रानटी भाऊबंदात दुसरा निरोप्याही सापडला, त्याचं काम बरोबर उलटं. रात्र लहान असली किंवा मधेच उजेड पडला की पान हा दुसरा माणूस वर पाठवतं आणि तो शेंड्याला सांगतो, थांब, इतक्यात नको. म्हणजे आजींच्या त्या दिव्याखालच्या टोकाला निरोप पोचत नव्हता असं नव्हे. रोज रात्री ‘नको’ असा निरोप पोचत होता.

मग थंडी काय करते? तीही रिकामी बसत नाही. गार रात्रीत झाडाचा श्वास मंदावतो, साठवण जपून खर्च होते, म्हणून थंडीतलं फूल जास्त टिकतं. रंगही गडद होतो. पांढऱ्या शेवंतीच्या पाकळीवर कडाक्याच्या दिवसांत जरा गुलाबी झाक येते ती याच थंडीची. आणि ज्याला आपण पाकळी म्हणतो ती पाकळी नव्हेच, ते एक आख्खं फूल असतं बरं का. शेवंतीच्या एका गोंड्यात अशी शेकडो बारकी फुलं दाटीवाटीनं बसलेली असतात. गुलछडी मात्र थंडीत रुसते, दांडे कमी देते. आणि आभाळ आलं की शेवंतीच्या शेंड्यावर मावा चढतो, त्याला पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं झटकावं.

घरात ठेवायला फुलं काढायची तर पहाटे दव असताना किंवा दिवस मावळल्यावर काढा. दुपारी झाडाच्या अंगात पाणी कमी असतं. देठ कापला की आतल्या बारीक नळ्या हवा ओढून घेतात आणि मग पाणी वर चढत नाही, म्हणून घरी आणल्यावर देठाचं टोक बादलीतल्या पाण्याखालीच पुन्हा तिरकं कापायचं. पाण्यात बुडणारी पानं काढून टाकायची, नाहीतर ती सडतात आणि नळ्या बुजवतात. पाणी रोज बदलायचं. ग्लॅडिओलस खालच्या एक-दोन कळ्यांना रंग दिसताच कापला तरी चालतो, बाकीच्या घरात उमलतात. शेवंती मात्र झाडावर नीट उमलल्याशिवाय कापू नका, कळी कापलीत तर ती रुसून तशीच बसेल. आणि ग्लॅडिओलसचा दांडा आडवा टाकून ठेवू नका हो, तो जमिनीकडं पाठ करून शेंडा वर वळवतो आणि सकाळी तुमच्या हातात वाकडी काठी येते.

फुलं सरली की माघात झुडूप जमिनीबरोबर छाटायचं. बुडातून काश्या फुटतात, त्या जपायच्या, उन्हाळ्याच्या तोंडाला वेगळ्या करून लावायच्या आणि महिन्याभरानं शेंडे खुडायचे, म्हणजे फांद्या जास्त येतात. पिवळी हवी असेल तर आताच सांगून ठेवा. पांढरीच्या काश्या शेजारणीनं कधीच सांगून ठेवल्यात.