गावाचे वन : आधी ठराव, मग कुदळ

पावसाळा सुरू झाला की पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील कामगार आणि विद्यार्थी रविवारी रोपे घेऊन डोंगराकडे निघतात. त्यांचा उत्साह स्तुत्य आहे. परंतु आषाढात लावलेल्या रोपाचे वैशाखात काय झाले, याचा शोध घेतल्यास अनेक ठिकाणी निराशाच पदरी येते. शेळ्यांनी शेंडे खुडलेले असतात, किंवा वणव्याने रान काळे पडलेले असते. उणीव श्रमांची नसते. राखण कोणी करावयाची याचा निर्णयच झालेला नसतो.

चिखली १९९७ साली महानगरपालिकेत समाविष्ट झाली. तेथे आता ग्रामसभा नाही. लगतच्या खेड व मावळ तालुक्यांतील गावांत मात्र ग्रामसभा आहेत, गायराने आहेत आणि पूर्वजांनी राखलेल्या देवरायाही आहेत. मावळातील आजिवली येथील वाघजाईची देवराई भेरली माडांसाठी प्रसिद्ध आहे. डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात अशा देवरायांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांनी मानलेला नियम असला की वन टिकते, हाच देवराईचा धडा होय.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने तोच धडा कायद्याच्या आधारे गिरविला. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तेथील निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने होतात. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेस मिळाला.

ग्रामसेवकांनी व गावकऱ्यांनी कामाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा :

(१) जागेचा सातबारा पाहावा. जमीन वनखात्याची असल्यास त्या खात्याशी आधी विचारविनिमय करावा.

(२) ग्रामसभेत कुऱ्हाडबंदी व चराईबंदीचा ठराव करावा. ज्यांच्या शेळ्या त्या रानावर जगतात, त्या भूमिहीन कुटुंबांना चर्चेत प्रथम स्थान द्यावे. संपूर्ण रान एकदम बंद न करता त्याचे तीन भाग पाडून पाळीपाळीने राखावेत. बंद भागातील गवत कापून नेण्याची मुभा असावी.

(३) जुन्या खोडांना फुटवे येत असल्यास नवीन खड्डे खणू नयेत. जोमदार एक-दोन फुटवे राखून बाकीचे छाटावेत.

(४) घाणेरी पावसाने माती मऊ झाल्यावर मुळासकट उपटावी. उतार उघडा पडू नये म्हणून हे काम टप्प्याटप्प्याने करावे.

(५) बी जवळच्या देवराईखाली पडलेल्या फळांतून, गावाच्या संमतीने व थोडेच घ्यावे. जांभळाचे बी लवकर निर्जीव होते. ते ताजेच पेरावे. मूळच्या गवताळ माळावर झाडांची गर्दी करू नये.

(६) दिवाळीनंतर गवत वाळू लागताच ते कापून जाळपट्टे तयार करावेत.

यांपैकी घाणेरी काढणे, फुटवे छाटणे व जाळपट्टे राखणे ही कामे स्वयंसेवकांसाठी उत्तम आहेत. म्हणून बाहेरून येणाऱ्या मंडळींना केवळ जुलैत नव्हे, तर कार्तिकात व फाल्गुनातही बोलवावे. पाहुण्यांचे श्रम एका दिवसाचे असतात, राखण मात्र वर्षभराची असते. ती ज्या गावाने आपल्या अंगावर घेतली, त्या गावात पाहुण्यांचे श्रम वाया जाणार नाहीत.