ओव्हन बिघडला की नुसते घड्याळ?
रामदासपेठेतल्या एखाद्या स्वयंपाकघरात वीज जाऊन आल्यावर जुना ओव्हन तापेनासा झाला, तर पहिला संशय कॉइलवर जातो. तो अनेकदा घाईचा ठरतो. टायमर असलेल्या बऱ्याच ओव्हनांत कॉइलची वीज टायमरच्या स्विचमधूनच जाते. म्हणून आकडे लुकलुकत असतील तर आधी वेळ लावून ‘मॅन्युअल’ निवडावे. विजेच्या वारंवारतेवर चालणारे घड्याळ तासाला १० मिनिटे मागे पडत असेल, तर ते अमेरिकेतल्या ६० हर्ट्झसाठी बनवलेले असू शकते. आपली वीज ५० हर्ट्झची.

टायमर वगळून तारा थेट जोडाव्यात, असे कुणी सुचवेल. ओव्हन तापेलही, पण आपोआप बंद होण्याची सोय जाईल. तेव्हा वेळ लावूनही दोष राहिला, तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनलाच बोलवावे.