जनुकांचे निदान आणि वेदनेची दाद

बडोद्याहून पूर्वेकडे, बोडेलीवरून छोटा उदेपूरच्या रोखाने जो डोंगराळ मुलूख लागतो आणि जेथे राठवा, भिल्ल, नायका हे आदिवासी समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहेत, तेथे मातापित्यांच्या रक्तातून अपत्यांत उतरणारा सिकलसेल हा विकार आजही अनेक घरांची झोप उडवतो. शिकागोचे वैद्य जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचे वर्णन प्रसिद्ध केले; लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखविले; आणि पुढे काही वर्षांनी व्हर्नन इंग्रॅम यांनी त्या रेणूतील एका ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आल्यानेच हा सारा अनर्थ घडतो, हे उघड केले. हिंदुस्थानात निलगिरीच्या आदिवासींत हा विकार १९५२ मध्ये नोंदला गेला.

याची प्राथमिक तपासणी खेड्यातील आरोग्यकेंद्रातही होऊ शकते. बोटातून घेतलेले रक्ताचे थोडे थेंब एका द्रावणात मिसळायचे, नळी काळ्या रेघा आखलेल्या कागदापुढे धरायची, आणि द्रावण गढूळ होऊन त्या रेघा दिसेनाशा झाल्या तर सदोष हिमोग्लोबिन आहे असे समजायचे. परंतु गढूळपणा वाहकाच्या रक्तातही येतो; म्हणून वाहक कोण आणि रोगी कोण, याचा निवाडा करण्यासाठी पुढची सूक्ष्म तपासणी अपरिहार्य असते. हे निदान वेळेवर झाले तर बालकास पेनिसिलिन देऊन जंतुसंसर्गापासून जपता येते, आणि हायड्रॉक्सियुरिया या औषधाने गर्भकालीन हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवून वेदनेचे झटके कमी करता येतात. याच रीतीने, हिवतापावर प्रिमाक्विन देण्यापूर्वी रुग्णात जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात न्यूनता आहे काय, हे पाहणे अगत्याचे ठरते. कारण ती असल्यास औषधानेच रक्तपेशी फुटू लागतात. गुजरात सरकारने २००६ मध्ये सिकलसेल नियंत्रणाचा कार्यक्रम हाती घेतला, आणि केंद्र सरकारच्या १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या मोहिमेने ७ कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले आहे.

कर्करोगाच्या चिकित्सेतही हाच न्याय चालतो. फुप्फुसाच्या गाठीत ईजीएफआर जनुकाचे विशिष्ट उत्परिवर्तन आढळले तर जेफिटिनिबसारखी गोळी लागू पडते, न आढळल्यास तिच्यावर खर्च केलेला पैसा आणि, त्याहून मोलाचा, काळ व्यर्थ जातो. तथापि, बडोद्याचे सयाजी इस्पितळ असो की अनुबेन ठक्कर यांच्या मुनि सेवा आश्रमाचे गोरज येथील कैलास कॅन्सर हॉस्पिटल, अशा ठिकाणी दाखल होणारे कितीतरी रुग्ण रोग हाताबाहेर गेल्यावर येतात. चाचणीच्या अहवालात त्यांच्याजोगे औषध निघाले नाही, तर त्यांनी कोठे जावे?

येथे विज्ञानाचे दुसरे अंग पुढे येते. अशा रुग्णाच्या घरी परिचारिका येते, जखम धुते, कूस बदलण्याची रीत सुनेला दाखविते, आणि तोंडाने घ्यावयाच्या मॉर्फिनची गोळी दर ४ तासांनी, वेदना उसळण्याची वाट न पाहता, द्यावयास सांगते. सोबत बद्धकोष्ठाचे औषधही विसरत नाही. ज्या अफूपासून मॉर्फिन बनते ती नीमच-मंदसौरच्या शेतांत सरकारी परवान्याने पिकते, आणि तरीही १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने परवान्यांचे असे जंजाळ निर्माण केले की अनेक इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने ते जंजाळ बऱ्याच अंशी सुटले. दप्तरातील धास्ती मात्र पुष्कळ ठिकाणी तशीच राहिली.

मुंबईत वांद्र्यास १९८६ मध्ये डॉ. एल. जे. डिसूझा यांनी असाध्य रुग्णांच्या शुश्रूषेसाठी शांती आवेदना सदन उभारले, आणि कालिकतला १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या कार्यातून पुढे शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच आपल्या गावच्या रुग्णांची काळजी घेण्याची पद्धत केरळभर पसरली; त्या राज्याने २००८ मध्ये तिला शासकीय धोरणाची मान्यता दिली. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क जीवनाच्या हक्कातच अंतर्भूत असल्याचे मान्य केले, आणि २०२३ मध्ये उपचारांविषयीच्या आगाऊ इच्छापत्राची रीत सुलभ केली. पण ज्याच्या वेदनेला कोणी धावून येत नाही, त्याच्या हाती असा कागद असून काय उपयोग?

जनुकांची चाचणी आणि अंतसमयीची शुश्रूषा यांना आपण दोन निरनिराळी खाती समजतो, एक प्रयोगशाळेचे व दुसरे धर्मादायाचे, हेच मला मान्य नाही. अमुक औषध अमुक रुग्णास का लागू पडत नाही, हे सांगणारे शास्त्र रुग्णाला माणूस म्हणून ओळखण्याचा पहिला टप्पा गाठते. दुसरा टप्पा त्याच्या घरी जाऊनच गाठावा लागतो. जी आरोग्यसेविका रक्ताची नळी घेऊन राठव्यांच्या पाड्यावर जाते, तिलाच वेदना मोजण्याचे शिक्षण द्यावे, आणि तालुक्याच्या इस्पितळात मॉर्फिनचा साठा व तो देण्याचा अधिकार असलेला वैद्य ठेवण्याची तजवीज व्हावी. बडोद्याचे महाराज सयाजीराव यांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले तेव्हा रयतेच्या दानधर्मावर विसंबून न राहता ते सरकारचे कर्तव्य मानले होते. निदान करणाऱ्या शासनाने निदानानंतरच्या दुःखाचीही जबाबदारी घ्यावी, एवढेच त्या परंपरेच्या राज्यात मागणे आहे.